मागच्या सीटचा पट्टा: तुमच्या गाडीत बकल सापडतं का?

कृष्णाकाठ

आत्याचं वर्षश्राद्ध झालं की लिहायचं, असं ठरवलं होतं. परवा झालं, म्हणून आज बसलेय.

गेल्या वर्षी फलटणला साखरपुडा होता. तो उरकून घरचे संध्याकाळी साताऱ्याला निघाले. गाडी दादा चालवत होता, शेजारी बाबा. मागे आई आणि आत्या, दोघींच्या मध्ये आहेराच्या पिशव्या आणि फुलांची परडी. मी त्या दिवशी पुण्यात होते. उसाचा हंगाम चालू होता. लोणंद सोडल्यावर एका वळणानंतर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा होता. मागे ना दिवा, ना लाल पट्टी, ना एखादा दगड ठेवलेला. दादाने ब्रेक दाबला, पण अंतर पुरलं नाही. गाडीचा वेग पंचावन्नच्या आसपास होता, असं तो आजही सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. तो जोरात चालवणारा माणूस नाही.

दादाला गळ्याच्या हाडापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा तिरका काळानिळा वळ उठला. बाकी काही नाही. बाबांनीही पट्टा लावला होता. पण आत्या त्यांच्या मागे बसली होती, आणि तिचा सगळा भार त्यांच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळला. सीट पुढे वाकली. बाबांच्या चार बरगड्या मोडल्या त्या ट्रॉलीमुळे नव्हे, स्वतःच्या बहिणीमुळे. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं. आत्याच्या मानेला मार होता, ती तिसऱ्या दिवशी गेली.

महिन्याभराने गाडीतलं सामान आणायला मी आणि दादा पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो. मागची काच फुटलेली, सीटवर सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या. आत्याचा चष्मा कुठे मिळतो का, म्हणून मी सीट आणि पाठ यांच्या फटीत हात घातला. तिथे रेक्झिनच्या खाली काहीतरी कडक, चौकोनी लागलं. सीट कव्हरची शिवण दादाने किल्लीने उसवली. आत पट्ट्याची बकलं होती. दोन्ही. कारखान्यातून गाडी आली तेव्हाचा प्लास्टिकचा पातळ कागदही त्यांच्यावर तसाच होता. गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही हौसेने सीट कव्हर बसवून घेतली होती. बसवणाऱ्याने बकलं खाली दाबून वरून कव्हर ताणलं होतं, म्हणजे सीट सपाट दिसते. चार वर्षं ती गाडी आमच्या दारात होती आणि आम्हा पाचजणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. म्हणजे आत्याने त्या दिवशी पट्टा लावायचं मनात आणलं असतं, तरी तिला तो लावता आला नसता.

त्यानंतर मी याबद्दल मिळेल ते वाचत गेले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ ब आलं. पट्टा न लावता गाडी चालवली, किंवा पट्टा न लावलेले प्रवासी गाडीत बसवले, तर एक हजार रुपये दंड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात तर मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटवरच्या माणसांनीही पट्टा लावायचा, असं सरळ लिहिलंय. म्हणजे नियम आहे. २०२२ च्या सरकारी अहवालात त्या वर्षी देशात रस्त्यांवर गेलेल्या माणसांचा आकडा १,६८,४९१ आहे. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. हे सगळे चालकच असतील असं मला वाटलं होतं. नाही. ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मे.

आपल्याकडे मागची सीट म्हणजे मानाची आणि सुरक्षित जागा. आजी मागे, गरोदर सून मागे, बाळ मागे. ज्यांना जपायचं त्यांना आपण मागे बसवतो आणि तिथेच पट्टा लावत नाही.

या धाग्यावर माझं एकच मागणं आहे. आज, जमलं तर आत्ताच, खाली जाऊन आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर हात फिरवून बघा. किती बकलं सापडली ते इथे लिहा.

---

घाटवळण

वाचून सुन्न झालो. तुमच्या आत्यांना आदरांजली.

लगेच खाली जाऊन आलो. दोन मिळाली, मधलं मिळालं नाही. मोबाईलचा दिवा लावून पुन्हा बघितलं, तर कव्हरच्या खाली गाठ लागली. उद्या उसवतो.

---

चाकणकर

मी गेली सतरा वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्यांतली सहा पट्ट्यांच्या लाइनवर काढली. तुम्ही जे लिहिलंय ते आम्ही गाडी परत आल्यावर पुष्कळदा बघितलंय. कव्हरखाली गाडलेली बकलं, कापून टाकलेले पट्टे, सीटच्या मागे कोंबून ठेवलेले पट्टे.

पट्टा नेमकं काय करतो ते थोडक्यात सांगतो. गाडी थांबते, पण आपलं शरीर थांबत नाही, ते गाडीच्या वेगाने पुढे जात राहतं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ८० चा वेग असेल तर पंचवीस मीटर. आठव्या मजल्याच्या कठड्यावर आजीला कुणी मोकळं बसू देईल का?

पट्टा त्या वेगाला धरतो आणि त्याचा जोर शरीराच्या दणकट हाडांवर वाटून देतो: खांद्याचं हाड, छातीचा पिंजरा, कमरेची हाडं. त्यासाठीच तो तीन ठिकाणी बांधलेला असतो. हा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्याने आणला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. व्होल्वोने त्याचं पेटंट स्वतःपुरतं न ठेवता सगळ्या कंपन्यांना वापरायला मोकळं केलं. मला या धंद्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पट्टा ज्या रिळावर गुंडाळलेला असतो त्यात एक छोटा गोळा किंवा लंबक असतो. गाडीला झटका बसला की तो जागचा हलतो आणि रीळ दातऱ्यात अडकतं. पट्टा हाताने खसकन ओढला तरी तो अडकतो. घरी करून बघायची परीक्षा हीच. हळू ओढा, सुटत यायला हवा. झटका द्या, अडकायला हवा. सोडा, आपोआप आत जायला हवा. यातलं एक जरी झालं नाही तर रीळ बदलायला लागतं. आणि मोठ्या अपघातात ताण घेतलेला पट्टा पुन्हा वापरायचा नाही. नुसत्या डोळ्यांना तो ठणठणीत दिसतो.

सीट कव्हरबद्दल आणखी एक. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेला शिवलेली असते. त्यावरून जाड कव्हर घट्ट चढवलं की ती फुटायची वाट अडते. कव्हर लावायचंच असेल तर त्या जागी मोकळं असलेलं घ्या.

---

गोदातीर

कृष्णाकाठ, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

तुमच्या आत्या पट्ट्यामुळे गेल्या नाहीत. त्या गेल्या रस्त्यावर अंधारात ट्रॉली उभी करणाऱ्यामुळे. आमच्या नगर भागात हंगामात दर दोन-चार दिवसांनी अशी बातमी असते. कारखान्यांनी ट्रॉलीला लाल पट्ट्या लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नये, एवढं एक केलं तरी कित्येक जीव वाचतील. ते करायचं सोडून गाडीत बसलेल्यालाच एक हजाराचा दंड, हे मला उलटं वाटतं. रस्ता दुरुस्त करणं अवघड, म्हणून प्रवाशाला धरायचं.

दुसरं, गावाकडे चाळीसच्या वर गाडी जातच नाही. उन्हाळ्यात पट्ट्याने घामाघूम होतं. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्टा अडकून माणूस आतच राहतो, ही भीतीही खोटी नाही.

---

कृष्णाकाठ

राग कसला. ट्रॉलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षर न् अक्षर खरं आहे. दादाने त्यासाठी वर्षभर हेलपाटे घातले, अजून घालतोय. त्या ट्रॅक्टरवाल्याला मी माफ केलेलं नाही.

पण तो ट्रॅक्टर माझ्या हातात नव्हता. बकल माझ्या हातात होतं. त्या गाडीचा पुढचा भाग चेपला आणि पुढच्या दोन सीटवरचे दोघे जिवंत आहेत. रस्ता तोच, ट्रॉली तीच, क्षण तोच. मागच्या दोघींपैकी एक गेली आणि एक अजून काठी घेऊन चालते. फरक फक्त पट्ट्याचा होता.

---

अपघात विभाग

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, महामार्गालगतच्या तालुक्याच्या गावी. गोदातीर यांनी विचारलेलं रोज कुणीतरी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

चाळीसच्या वेगाबद्दल: समोरून येणारा एसटी किंवा ट्रकसुद्धा चाळीसने येत असतो, हे आपण विसरतो. आणि चाळीसच्या वेगाने पुढच्या सीटवर तोंड आपटून जबडा मोडलेले, दात तुटलेले, गुडघा समोर आपटून खुब्याचा सांधा निखळलेले रुग्ण माझ्याकडे येतात. असे बहुतेक मागच्या सीटवरचे असतात.

आग आणि पाणी: अशा वेळी बाहेर पडायला माणूस आधी शुद्धीवर हवा. पट्टा न लावलेला माणूस आदळतानाच बेशुद्ध पडतो. पट्टा लावलेल्याला निदान बटण दाबायला हात आणि डोकं शाबूत राहतं. मी ज्यांचे हात-पाय जोडले त्यांत गाडीतून बाहेर फेकले गेलेलेही आहेत. त्यांतले फार थोडे नंतर धड चालू शकले.

मागचा माणूस पुढच्याला मारतो, हे कृष्णाकाठ यांनी जे लिहिलंय ते आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. मागच्यांनी पट्टा लावला नसेल तर पुढच्या, पट्टा लावलेल्या माणसांचा मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं.

आता पट्टा कसा लावायचा, कारण चुकीचा लावलेला पट्टाही इजा करतो. कमरेचा भाग पोटावरून नको, खाली, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवरून हवा. पोटावर असेल तर अपघातात तो आतड्यात रुततो. वरचा भाग खांद्याच्या मधोमध आणि छातीवरून. काखेखालून घेतलेला पट्टा बरगड्या मोडतो. साडी, शाल, स्वेटर यांच्या गठ्ठ्यावरून पट्टा घेऊ नका. पट्टा आधी अंगालगत, मग शाल वरून.

गरोदर बायकांनी पट्टा लावायचा की नाही, हा प्रश्न कायम येतो. लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याखालून, मांड्यांच्या वरच्या बाजूला, कमरेच्या हाडांवर. वरचा दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा कधीच नाही.

आणि अपघातानंतर पोटावर पट्ट्याचा वळ दिसला तर "काही होत नाही" म्हणून घरी जाऊ नका. आतल्या इजा काही तासांनी डोकं वर काढतात. तपासून घ्या.

---

पिवळी पाटी

मी पंधरा वर्षं टुरिस्ट गाडी चालवतो, मुंबई-पुणे आणि मुंबई-शिर्डी. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

कायद्यात "पट्टा न लावलेले प्रवासी बसवले तर" असं आहे ना, त्याचा अर्थ दंड चालकाला. २०२२ च्या १ नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही पट्टा सक्तीचा झाला, तेव्हा पहिले काही दिवस धावपळ झाली. माझ्या गाडीतली बकलं पण कव्हरखालीच होती. मी ब्लेडने कव्हर कापून ती वर काढली. आता द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसलेत, चलान थेट मोबाईलवर येतं.

पण दंड बाजूला ठेवा. गिऱ्हाईक ऐकत नाही, हा खरा त्रास आहे. विमानतळावरून साहेब बसतात, मी नमस्कार करून सांगतो की साहेब, पट्टा लावून घ्या. काही म्हणतात, "मागे लागत नाही." काही रागावतात. एकदा एकांनी मला कमी तारे दिले आणि कारण लिहिलं, चालक फार बोलतो. तरी मी सगळ्यांची बकलं लागल्याशिवाय गाडी पार्किंगमधून काढत नाही. म्हाताऱ्या माणसांना मीच उतरून लावून देतो, त्यांना ते बटण सापडत नाही. बहुतेकांना माहीत नसतं एवढंच असतं. एकदा लावलं की उतरेपर्यंत काढत नाहीत.

वडापबद्दल पण लिहितो. आमच्या गावाकडे कराड-पाटण रस्त्याला जीपमध्ये मागे आडव्या बाकांवर आठ-दहा माणसं असतात. नियम फक्त पुढे तोंड असलेल्या सीटचा आहे. त्या बाकांवर पट्टाच नाही, तर लावणार कुठून? शाळेची पोरं त्यातच असतात. त्यांचं कुणी बघणार आहे का?

---

शेवंता

पिवळी पाटी दादा, तुमच्यासारखा चालक सगळ्यांना मिळो. खरंच.

---

घाटवळण

उसवलं. मधलंही सापडलं. फक्त मधला पट्टा नुसता कमरेचाच आहे, खांद्यावरचा नाही. आमची गाडी जुनी आहे. चाकणकर, मग मधे कुणाला बसवायचं?

---

चाकणकर

जमेल तोवर कुणालाच नाही. चारच माणसं असतील तर मधली जागा रिकामी ठेवा. बसायलाच लागलं तर मोठ्या माणसाने बसा आणि कमरेचा पट्टा खाली, हाडांवर घट्ट करून लावा. न लावण्यापेक्षा तो केव्हाही बरा. लहान मुलाला तिथे नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बसवू नका.

---

पाळणाघर

मी तीन वर्षांच्या मुलीची आई. बाळाच्या सीटबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडे सासूबाई म्हणतात, माझ्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कुठली? त्यांचं प्रेम खोटं नाही, म्हणून मला उलट बोलवत नाही. मुलगीही सीटवर रडते.

---

चाकणकर

आईंना हे सांगून बघा. ताशी ५० च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर दहा किलोचं बाळ त्या क्षणी हाताला साधारण एकशे चाळीस किलोचं होतं. ज्वारीचं एक मोठं पोतं उचलायचं म्हटलं तरी आपल्याला दोन माणसं लागतात. आजीचं प्रेम कितीही असो, हाताला ते झेपत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. शिवाय आजीने पट्टा लावलेला नसेल तर बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये येतं.

एकच पट्टा दोघांच्या भोवती घ्यायचा नाही. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड करून बाळाची सीट लावायची नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते आणि तिचा पहिला तडाखा बाळाच्या डोक्याला बसतो. सीट मागेच लावा. नव्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत ती खटकन बसते. सीट घ्यायच्या आधी आपल्या गाडीत त्या कड्या आहेत का, हे बघा.

कलम १९४ ब मध्येच दुसरं पोटकलम आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तरीही एक हजार दंड. हे बहुतेक पालकांना माहीतच नाही.

---

मेलबर्नकर

पाळणाघर, मुलीच्या रडण्याबद्दल सांगते. माझी दोन्ही मुलं इथे, मेलबर्नमध्ये वाढली. पहिला आठवडा दोघंही रडली. नंतर त्यांना वाटायला लागलं की गाडी सुरू व्हायची तर आपली खटक आधी वाजायला हवी. धाकटा तर आम्ही विसरलो की ओरडायचा.

इथे व्हिक्टोरियात १९७० मध्ये पट्टा सक्तीचा झाला, जगात पहिल्यांदा. आज सात वर्षांखालचं मूल योग्य सीटशिवाय गाडीत बसूच शकत नाही आणि सोळा वर्षांखालच्या प्रवाशाची जबाबदारी चालकाची असते. भारतातून आई-बाबा आले की पहिल्या दिवशी थोडी कुरकुर होते. दुसऱ्या दिवसापासून बाबाच मागे वळून आईला विचारतात, "लावलास का गं?"

एक गोष्ट लिहायला जड जातं, पण लिहिते. मीच जेव्हा मुंबईला उतरते आणि भाऊ घ्यायला येतो, तेव्हा मी मागे बसून पट्टा लावत नाही. मुलांनाही लावत नाही. भावाच्या गाडीत तो सापडत नाही आणि "राहू दे गं, इथे कुणी लावत नाही" असं म्हटलं की मी गप्प बसते. तीच मुलं, तीच आई, फक्त देश वेगळा. तुमचा धागा वाचून आज भावाला फोन केला आणि उसवायला सांगितलंय.

---

गोदातीर

डॉक्टर आणि चाकणकर, धन्यवाद. आग-पाण्याबद्दलचा मुद्दा मागे घेतो, तो मी ऐकीव लिहिला होता. ट्रॉलीचा मुद्दा सोडत नाही.

आणखी एक शंका. बीडला आमचे नातेवाईक आहेत. मुंडे साहेब गेले तेव्हा तिकडे सगळे म्हणत होते की घातपात असणार, एवढ्या लहान धडकेने माणूस जाईल कसा? मला आजही ते पटत नाही असं नाही, पण पट्ट्याचा आणि त्याचा संबंध आहे का?

---

अपघात विभाग

आहे. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते, मागच्या सीटवर होते, आणि एका चौकात दुसऱ्या गाडीची बाजूने धडक बसली. शवविच्छेदनात मानेची इजा आणि यकृत फाटून झालेला रक्तस्राव आढळला. गाडी फार चेपलेली नव्हती, म्हणून लोकांना ते पटत नाही. पण गाडीला लहान वाटणारी धडक आतल्या मोकळ्या माणसाला लहान नसते. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनीही त्या वेळी मागच्या पट्ट्याबद्दल जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. बाजूच्या धडकेत पट्टा समोरच्या धडकेइतकं काम करत नाही, हे खरं आहे. पण शरीर जागेवर राहणं आणि गाडीभर आपटणं यात अंतर आहेच.

उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघाताचं तर सगळ्यांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. पुढचे दोघं वाचले. मागच्या सीटवरचे दोघं, ज्यांनी पट्टा लावला नव्हता, ते गेले. गाडी चांगली, महागडी, एअरबॅगवाली. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नसते.

---

चाकणकर

डॉक्टरांनी एअरबॅगचं लिहिलं ते महत्त्वाचं आहे, कारण गाडी घेताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, एअरबॅग किती? मागच्या माणसाच्या समोर बहुतेक गाड्यांत एअरबॅग नसतेच. तिथे पट्टा हाच सगळा आधार.

त्याच वर्षानंतर आणखी एक घडलं, ते मनाला लागलं होतं. पुढचा पट्टा लावला नाही तर गाडी टिंग टिंग वाजते. जुलै २०१९ पासून ती सूचना पुढच्या दोन्ही सीटना सक्तीची आहे. तो आवाज बंद करायला लोक बकलात अडकवायची नुसती धातूची जीभ विकत घ्यायला लागले. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना ती विक्री बंद करायला लावली. तेव्हा १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. आम्ही कारखान्यात एक एक बकल हजारो वेळा लावून-काढून तपासतो. आणि आवाज येऊ नये म्हणून कुणीतरी ती खोटी जीभ घालतो. तुमच्या घरात अशी एखादी असेल तर आजच फेकून द्या. टेम्पोवाल्याला किंवा धाकट्या भावाला देऊ नका.

---

शिवनेरीप्रवासी

बसचं काय? मी आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई करतो. काही खासगी बसमध्ये सीटला पट्टे असतात, पण एकही माणूस लावत नाही, आणि अर्ध्यांची बकलं सीटच्या खाली लोंबत असतात.

---

पिवळी पाटी

असतील तर लावा. शेजारच्यालाही सांगा. पहिल्या रांगेतल्यांनी आणि मधल्या वाटेसमोर शेवटच्या सीटवर बसणाऱ्याने तर लावाच. त्यांच्या पुढे अडवायला काही नसतं.

---

पाळणाघर

कळवायला आले. काल सासूबाईंना चाकणकरांचं पोत्याचं उदाहरण सांगितलं. त्या शेतातल्याच आहेत, काही बोलल्या नाहीत. आज सकाळी दवाखान्यात जायचं होतं. मी पुढचं दार उघडत होते, तर त्या मागे बसून स्वतःचा पट्टा शोधत होत्या. म्हणाल्या, आधी मला लाव, मग तिची सीट आण, मी तिच्याशेजारी बसेन.

सीट शनिवारी घ्यायला जातोय. कड्या आहेत, बघितलं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. आतापर्यंत एकवीस जणांनी इथे आणि निरोपात आपापली बकलं मोजून कळवली. अकरा जणांकडे निदान एक तरी कव्हरखाली होतं.

काल ज्या दुकानात आम्ही कव्हर बसवली होती तिथे गेले. भांडायला नव्हे. त्या काकांना मी फक्त आत्याचं सांगितलं. ते बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, ताई, गिऱ्हाईकच म्हणतं की टोचतंय, दिसायला नको. मी म्हटलं, यापुढे म्हणाले तर त्यांना माझा नंबर द्या. त्यांनी कारागिराला बोलावलं आणि माझ्यासमोर एका कव्हरवर खडूने तीन खुणा करून घेतल्या. तिथे आता तीन काप असतील, कडेला दुहेरी शिवण घालून, म्हणजे बकल घासून रेक्झिन फाटणार नाही. वरून बकल ओढून बाहेर काढण्याइतकी जागा आधी त्यांनी बोटाने मोजली, मग मला हात घालून बघायला सांगितलं.

आईला रविवारी पहिल्यांदाच गाडीतून तपासणीला नेलं. ती मागेच बसली, आत्याच्या जागेवर. तिला पट्टा बांधताना तिचा हात थरथरत होता, म्हणून बकल मी लावलं. गाडी निघाली तरी वाटभर तिने ते मुठीत धरून ठेवलं होतं.